रोजची गाडी

पहिली नको. काळी आहे.

दुसरीही नको. तिच्या पट्ट्याचा खटका फार घट्ट होता. तसं तो म्हणाला नाही. म्हणाला, पुढचा भाग चकचकीत आहे, उन्हात डोळ्यांवर येईल. शोरूमचा विक्रेता उन्हाची दिशा समजावून सांगू लागला, तोवर दंतवैद्य पुढच्या गाडीपाशी पोचला होता. मागून त्याची बायको.

घरी एक गाडी आहे, हे विक्रेत्याला एव्हाना कळलं होतं. लाल, दोघांपुरती, जमिनीला टेकलेली. ती फक्त रविवारची. तिच्यात बसायचं नसतं, आडवं व्हायचं असतं, असं बायकोनं सांगितलं. घरात आम्ही तिला सवतच म्हणतो. विक्रेता मनापासून हसला. म्हणजे मॅडम, दुसरी सवत पसंत करायला तुम्ही स्वतःच आलात की.

हवी होती रोजची. दवाखान्यात जायला-यायला, दंतवैद्य म्हणाला.

दवाखान्याला उन्हाळ्यापासून कुलूप होतं. त्याच्या हातांच्या दुखण्याला डॉक्टरांनी तेव्हाच नाव दिलं होतं. औषध दिलं नव्हतं, कारण ते नव्हतं. आधी बोटं जातील, मग मनगटं. पुढचं त्यानं विचारलं नाही. जोवर मला गाडी चालवता येतेय तोवर, हे वाक्य तो घरी रोज सुरू करायचा आणि

असंच सोडून द्यायचा.

तिसरी. पांढरी, मध्यम, चारचौघींसारखी. हीच ऑटोमॅटिकमध्ये मिळेल साहेब, विक्रेता म्हणाला, हल्ली सगळे तीच घेतात. दंतवैद्याला गिअरचीच हवी होती. गिअर नसेल तर माणूस गाडी चालवत नाही, नुसता गाडीत बसतो, असं त्यानं ऐकवलं आणि स्टिअरिंगसमोर जाऊन बसला.

क्लच दाबला. गिअरचा दांडा धरला.

धरला नाही. तळवा ठेवला आणि खांद्यानं ढकलला.

दांडा होता तिथेच.

"जरा घट्ट आहे," तो म्हणाला.

विक्रेत्याच्या मनाला लागलं. खिडकीतून हात घालून त्यानं दोन बोटांनी पहिला, दुसरा, तिसरा टाकून दाखवला. लोणी आहे, साहेब.

दंतवैद्य उतरला. तू बघ गं बसून, सीट कशी आहे, असं बायकोला म्हणाला. काहीतरी म्हणायला हवं होतं. तिला गाडी येत नव्हती. लग्न नवीन असताना त्यानं शिकवायला घेतली होती, तेव्हा पहिल्याच वळणावर दोघं भांडले आणि ती उरलेला रस्ता पायी घरी आली. त्यानंतर तिनं कधी नाव काढलं नाही.

ती बसली. सीट पुढे ओढली. मधला आरसा थोडा खाली, मग बाजूचे दोन. पट्टा. दांडा इकडून तिकडे हलवून गाडी न्यूट्रलला आहे का ते पाहिलं. सगळं एका दमात, जसा तो एके काळी ट्रेमधला नेमका चिमटा न बघता उचलायचा.

मग तिचे हात थांबले. पण झालं होतं.

"मॅडमचा हात चांगला बसलाय," विक्रेता म्हणाला. एक चक्कर मारून या म्हणाला, लायसन्स विचारलं. तिनं पर्सच्या आतल्या कप्प्यातून ते काढून दिलं. दंतवैद्य वळसा घालून दुसऱ्या बाजूनं आत बसला. त्याचा पट्टा तिनंच ओढून लावला, विक्रेता मागच्या सीटवर बसून दार लावेपर्यंत.

गाडी ती बरी चालवत होती. रिकाम्या रस्त्यावरही वळणाच्या कितीतरी आधी इंडिकेटर देत होती. गिअर मात्र कळतही नव्हते. विक्रेता मायलेजबद्दल बोलत होता, सर्व्हिसिंगबद्दल बोलत होता.

सकाळी ती पोहायला जाते म्हणून बाहेर पडायची. टॉवेल घेऊन. परत यायची तेव्हा केस कोरडे असायचे, आणि तशीच त्याच्यासमोर बसून चहा प्यायची. त्याच्यासमोर. रोज.

"कधीपासून?" त्यानं हळू विचारलं.

"थंडीपासून."

तो समोरच्या रस्त्याकडे बघत राहिला. "डॉक्टरांनी तर उन्हाळ्यात सांगितलं."

तिनं आरशात पाहिलं. मागे एकही गाडी नव्हती.

"तुम्ही शर्टाचं वरचं बटण लावायचं सोडलंत ना, तेव्हापासून."

"उकडत होतं म्हणून."

"थंडी होती, अहो."

पांढरी लगेच मिळेल, राखाडीला थांबावं लागेल, विक्रेता मागून म्हणाला. थोड्या वेळानं त्यानं ते पुन्हा सांगितलं. बायको म्हणाली, पांढरी चालेल.

शोरूमपुढे येऊन गाडी थांबली. तिनं हँडब्रेक ओढला, किल्ली फिरवली. दंतवैद्यानं दाराच्या कडीकडे पाहिलं. आज सकाळपर्यंत अशी दारं तो कोपरानं, मनगटानं, कशीही, पण उघडायचा, कोणी मदतीला पोचायच्या आत. आता त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिला.

साहेबांची रीत विक्रेत्याच्या आत्ता लक्षात आली. अशी माणसं दार स्वतः उघडत नाहीत. तो घाईघाईनं मागून उतरला, पुढे आला, दार उघडलं आणि अदबीनं बाजूला उभा राहिला.