ताईची दुरुस्ती

मृण्मयी शिष्यवृत्तीच्या अर्जातला निबंध ताईला वाचून दाखवायला बसली, तशी आई हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहिली. विषय होता, आयुष्यातला सर्वांत कठीण प्रसंग. मृण्मयीनं लिहिलं होतं की, तिची जिवलग मैत्रीण घाटातल्या अपघातात गेली.

ताईचा आवाज टेबलावरच्या डबीतून यायचा. तिच्या जुन्या व्हॉइस मेसेजांवरून यंत्रानं हुबेहूब ताई घडवली होती. ती हसायची, रागवायची, पूर्वीसारखीच निबंध तपासून द्यायची. फक्त घाटातल्या त्या अपघातानंतर आपण या जगात नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. ते तिला कुणी सांगायचं नाही, असं घरात ठरलं होतं.

"लिहिलंयस झकास," ताई म्हणाली, "पण मैत्रीण म्हटलं की परीक्षकांच्या मनाला तेवढं लागत नाही गं. मोठी बहीण कर. माझंच नाव टाक."

"ताई, काहीतरीच काय!"

"अगं, नाहीतरी खोटंच आहे ना? मी चांगली धडधाकट बसलेय की इथं."

मृण्मयीनं आईकडे पाहिलं. आईनं ओठांवर बोट ठेवलं होतं. मृण्मयीनं मैत्रिणीचं नाव खोडलं आणि तिथं 'शलाका' लिहिलं.

"हं, आता मोठ्यानं वाच," ताई म्हणाली. "खरं वाटतंय का बघू."