शेवटची ओळ

ऑफिसात कुणाचं लग्न ठरलं की शुभेच्छापत्र बेंद्रेसाहेबांनीच टाइप करायचं. त्यासाठी त्यांनी मॅक्रोच करून ठेवला होता. एक बटण दाबलं की सगळा मजकूर आपोआप उमटायचा आणि शेवटी यायचं, ‘आपले, सौ. हेमलता व श्री. शरद बेंद्रे.’

आज माझं पत्र होतं. साहेबांनी बटण दाबलं. मजकूर आला, खाली दोघांची नावं आली. मग ‘सौ. हेमलता व’ एकेक अक्षर करत ते खोडू लागले. वहिनी गेल्याला दोन वर्षं होत आली होती.

मला राहवेना. “साहेब, अख्ख्या ऑफिसचे मॅक्रो तुम्हीच केलेत. हा एवढा दुरुस्त करा ना!”

“मिनिटाचं काम आहे गं,” ते स्क्रीनकडे बघतच म्हणाले. “पण मग ती यायचीच बंद होईल.”