मेहनतीचा रकाना

कोलंबोच्या बंदरावरच्या यंत्राने करवंदाच्या लोणच्याचा वास घेतला, बाटली तपासली आणि निकाल दिला: तेल मलेशियाचं, बाटली चीनची, स्थानिक वाटा अपुरा. करसवलत नाही. सुलभाताई पेडणेकरांची परदेशातली पहिलीच ऑर्डर बुडायला आली होती.

कुडाळच्या स्वयंपाकघरातला सरकारी यंत्रसहायक म्हणाला, "ताई, स्थानिक वाट्यात मेहनतही धरतात. अर्जातल्या मेहनतीच्या रकान्यात तुम्ही शून्य तास लिहिलेत."

"घरीच तर करते. त्यात कसली मेहनत?"

"करवंदं निवडणं, चिरणं, बिया काढणं. पंधरवडाभर मी बघत होतो. एकशे बारा तास."

त्याने आकडा भरला. स्थानिक वाटा पुरेसा झाला. माल सुटला.

"एकशे बारा?" यजमान भालचंद्र हसले. "यंत्राने जरा जास्तच लावलेत!"

सुलभाताई यंत्राकडे वळल्या. "आणि रोजच्या स्वयंपाकाचे तास कुठल्या देशाला कळवायचे रे?"