यजमान

घरी युद्ध पेटल्यापासून यॉश्कोच्या बास्केटबॉल क्लबचे युरोपियन चषकाचे 'घरचे' सामने स्पेनमधल्या एका गावात होऊ लागले. क्रोएशियात, दाल्मेशियाच्या किनाऱ्यावर, तोफांच्या टप्प्यात, कुठला संघ खेळायला येणार? आजही स्पॅनिश प्रेक्षकांनी नाटकाला वाजवाव्यात तशा सभ्य टाळ्या वाजवल्या. संघ जिंकला. कुणी कुणाला मिठी मारली नाही.

"यजमान असल्याचा फायदा एवढाच," अंघोळ करताना संघातला तोन्ची म्हणाला, "गरम पाणी आपल्या वाट्याला."

हॉटेलवर पोचल्यावर यॉश्कोला आईचा फोन आला.

"जिंकलो, आई."

"रेडिओवर ऐकलं. बरं, मला सांग, इथे तुमच्या क्लबच्या हॉलमध्ये गरम पाणी कसं सुरू करायचं रे?"

"हॉलमध्ये? तू तिथे काय करतेयस?"

"मंगळवारी आपल्या घराचं छप्पर गेलं. आता सगळी गल्ली तुमच्या हॉलच्या तळघरात येऊन राहिलीय. मला नि शेजारच्या म्हातारीला पाहुण्या संघाची खोली मिळालीय. चांगली आहे, पण नळाला पाणी येतं ते नुसतं बर्फासारखं. नळ बिघडलाय वाटतं."

यॉश्कोने रिसीव्हर या कानाचा त्या कानाला लावला. छपराबद्दल काही विचारायचं असतं, हे त्याला सुचलंच नाही.

"बिघडलेला नाहीये, आई," तो म्हणाला. "त्या खोलीच्या गरम पाण्याचा कॉक आमच्या खोलीत आहे, माझ्या बाकाखाली. आम्हीच बंद करून ठेवायचो. पाहुणे गारठावेत म्हणून."