भोजराजची पात

पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंडी चिखलभरल्या बांधीत फेकून भोजराजने धुऱ्यावर, कडेच्या बांधावर परतायचं असतं. गड्यांनी पऱ्हे वाहायचे, बायांनी वाकून रोवायचे, ही गावाची रीत. आज मात्र पेंडी हातात धरून तो चिखलातच उभा राहिला.

बायांच्या ओळीत एक जागा रिकामी होती. त्याच्या मायची, सुशीलाबाईची. रोवण्याचं गाणं तीच उचलायची, बाकीच्या मागून झेलायच्या. उन्हाळ्यात ती गेली, आणि यंदा बांधी मुकी होती.

गाणं भोजराजला येत होतं. धुऱ्यावरच्या झोळीत निजायचा तेव्हापासून येत होतं. पण गळा बाईसारखा बारीक. पोरं 'भोजाबाई' म्हणत, म्हणून चारचौघांत तो घसा दाबून, जाड करून बोले. खरा आवाज काय तो तलावाच्या पाळीवर म्हशींनी ऐकलेला.

तो मायच्या जागी वाकला. रोवू लागला.

"काऊन गा भोजराज, लुगडं घरीच राहिलं का?" शेजारची अल्का म्हणाली, आणि ओळभर हसू सांडलं. धुऱ्यावरून मोठ्या भावाने, चैतरामने, दटावलं, "बाहेर निघ. लोकं पाहून राहिले."

भोजराजने पुढचं रोप चिखलात खोचलं.

"पाहू दे, दादा." या वेळी त्याने घसा दाबला नाही. आणि त्याच आवाजात गाणं उचललं.

पाटाचं पानी बाई, बांधी-बांधीनं वाहाते,
माह्या मनातला बोल, मनामंधीच राहाते...

कडवं संपलं. तो थांबला. बाया मान खाली घालून रोवत राहिल्या. आता कोणी हसतही नव्हतं. चिखलात हात बुडाल्याचा तेवढा आवाज.

मग झेलही त्यानेच दिली. पुढचं कडवंही त्याचंच, झेलही त्याचीच. गात, रोवत तो एकटा मागे मागे सरत राहिला.

हातातले पऱ्हे सरले. रोवणारी बाई पऱ्ह्यांसाठी आपली ओळ, आपली पात सोडत नाही, वाकल्या वाकल्या हाक देते. त्याने मान वर न करता, मायसारखीच हाक दिली,

"पेंडी आन गा..."

धुऱ्यावरून पेंडी आली नाही. तो वाकलेलाच राहिला. पाठीला रग लागली, तरी उठला नाही.

छपकन् पेंडी त्याच्या पायाशी पडली. चिखल तोंडावर उडाला.

त्याने मान वळवून पाहिलं. चैतराम पाठ फिरवून चालला होता. त्याच्या हातातून पऱ्ह्यांचं पाणी निथळत होतं.