वाटेतला माणूस

“कुलूप सोमवारी लागणार,” बाई म्हणाल्या. “कंपनीचा फोन आला होता.”

आजोबांच्या हातातली पक्कड खाली पडली.

“कसलं कुलूप?”

“अहो, जहाज कंपनीच्या वेबसाइटला. बारक्याची पत्रं जिच्यावर येतात ना, तिला. उघडली की वर ‘असुरक्षित’ असं दिसतं. मला बघवत नाही ते.”

“आहे ते चाललंय की. उगाच कशाला?”

“दार सताड उघडं टाकून कधी झोपलात का?”

आजोबांनी पक्कड उचलली आणि ते कपाटाकडे वळले.

बाईंनी तीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावरही गल्लीतली पाच-सहा पोरं संध्याकाळी त्यांच्याकडे यायची. आजोबा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. खांबावर चढून लोकांच्या तारा जोडण्यात त्यांचं आयुष्य गेलं. एकुलता एक मुलगा, बारक्या, मालवाहू जहाजावर होता. तिथं फोन लागत नसे. घरच्यांनी कंपनीच्या वेबसाइटवर पत्र लिहायचं आणि उत्तरही तिथंच वाचायचं.

चौदा महिन्यांपूर्वी कंपनीतून फोन आला, तो आजोबांनी घेतला. वादळात डेकवरून तिघे वाहून गेले होते. त्यात बारक्या होता.

बाई तेव्हा हृदयाचं ऑपरेशन होऊन दवाखान्यात होत्या. “यांना धक्का बसता कामा नये,” डॉक्टरांनी बजावलं होतं. शुद्धीवर येताच त्यांनी पहिलं काय विचारलं असेल, तर, “बारक्याचं पत्र आलं?”

“आलंय,” आजोबांच्या तोंडून निघून गेलं.

आलंय म्हटल्यावर ते आणावं लागलं. आजोबांनी कपाटात एक जुना कॉम्प्युटर ठेवला आणि घरातलं सगळं नेट त्यातून फिरवून घेतलं. वेबसाइटला कुलूप नव्हतं. तिचं पान उघडंच यायचं. वाटेत, त्या कपाटात, आजोबा त्यावर बारक्याच्या नावानं एक पत्र चिकटवायचे आणि पान पुढे बाईंकडे सोडायचे.

दर रविवारी जेवताना बाई ते मोठ्यानं वाचत. मागच्या रविवारचं असं होतं: “आई, जहाजावरची मुदत पुन्हा वाढली. काळजी करू नकोस. समुद्र शांत आहे. बाबांना सांग, मी पोटभर जेवतो. तुझे आर्शीवाद आहेतच. तुझा बारक्या.”

“ऐकलंत? तो पोटभर जेवतो,” बाई म्हणाल्या. “तुम्हीपण अजून थोडा भात घ्या. पत्राच्या दिवशीच काय तो तुमचा घास उतरतो.”

शुक्रवारी आजोबांनी बाईंच्या नकळत कंपनीला फोन लावला.

“ते कुलूप थोडं पुढं ढकलता येईल का?”

“नाही हो काका,” पलीकडची मुलगी म्हणाली. “आधीच उशीर झालाय. एका आईंनी आम्हाला सहा वेळा लिहिलं, कुलूप लावा म्हणून.”

त्या आईचा आजोबांना भयंकर राग आला.

संध्याकाळी, वेबसाइटला कुलूप कशाला लागतं ते दाखवायला, बाईंनी पोरांना ओळीनं बसवलं. पहिल्या मुलीनं चिठ्ठी लिहिली, ‘उद्या खेळायला ये’, आणि ती हातोहात पुढे दिली. शेवटच्या मुलाच्या हातात पडली तेव्हा तिच्यावर होतं, ‘उद्या खेळायला येऊ नको’.

“हिनं बदललं! लबाड!” सगळ्यांनी मधल्या मुलीकडे बोट दाखवलं. ती खुदुखुदू हसत होती.

“बघितलंत? वाटेतल्या माणसाला नुसतं वाचता येतं असं नाही, बदलताही येतं.” बाईंनी चिठ्ठी डब्यात घालून डब्याला कुलूप लावलं. किल्ली शेवटच्या मुलाला दिली. “आता बदल बघू!” त्या मधल्या मुलीला म्हणाल्या.

“पण बाई, डबा दुसऱ्याच कुणी पाठवला असला तर?”

“शाब्बास! म्हणून डब्यासोबत ओळखपत्र लागतं. सगळ्यांचा विश्वास असेल अशा माणसानं दिलेलं. त्यालाच प्रमाणपत्र म्हणायचं.”

सगळ्यात धाकटीनं विचारलं, “बाई, वाटेतला माणूस वाईटच असतो का?”

आजोबा दारात चहाचे कप घेऊन उभे होते.

“नाही गं,” बाई म्हणाल्या. “कधीकधी फार चांगला असतो. पण तो दमतो. आणि चिठ्ठी खरी कुणाची, हे कळायला हवंच ना?”

रविवारी आजोबांनी शेवटचं पत्र लिहायला घेतलं. काय लिहायचं? निरोप घ्यायचा, की खरं सांगायचं? चार ओळी लिहिल्या, पुसल्या. शेवटी ‘समुद्र शांत आहे’ एवढंच पाठवलं. त्या दुपारी त्यांच्या घशाखाली घास उतरला नाही.

सोमवारी सकाळी बाई टेबलाशी बसल्या. आजोबा कपाटाशी उभे होते. बाईंनी पान उघडलं, तेव्हा जुन्या कॉम्प्युटरवर नुसता अक्षरांचा कचरा धावत गेला. वाचता येईना, की त्यात काही घालता येईना. आजोबांनी कपाटाचं दार हळूच लावलं आणि ते तिथंच खाली बसले. डॉक्टरांचा नंबर त्यांनी कधीच चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवला होता.

“अहो, जरा इकडे या,” बाईंनी हाक मारली. “एवढं वाचून दाखवा. चष्मा सापडत नाही.”

चष्मा बाईंच्या डोळ्यांवरच होता.

आजोबा भिंतीला धरून उठले. काय बोलायचं ते चौदा महिने पाठ केलेलं होतं. तेच मनात घोकत ते टेबलाशी आले.

पडद्यावर कुलूप लागलं होतं. बारक्याचं शेवटचं पत्र चौदा महिन्यांपूर्वीचं होतं. त्याच्याखाली बाईंची पत्रं, एकाखाली एक, उत्तराविना. सगळ्यात खालचं आज सकाळचं होतं. आजोबा वाचू लागले.

“बारक्याचे बाबा, आता पुरे. फार दमलात. पत्राशिवाय दोन घास जेवायला शिका. आणि ‘आशीर्वाद’मधला रफार ‘वा’वर येतो, ‘शी’वर नाही. ही चूक बारक्यानं दुसरीनंतर कधीच केली नाही.”