हिरड्यांचा अहवाल

शालनच्या ब्रशवर चार महिने हिरवा दिवा लागत होता. आरोग्य केंद्राने दिलेला हा ब्रश रोज सकाळी हिरड्या तपासून अहवाल केंद्राला पाठवत असे; हिरवा म्हणजे हिरड्या ठीक. मात्र सकाळी तो वापरायची तिची चौदा वर्षांची मुलगी, ऋतुजा. शालन तेव्हा मोरीवर बसून बोटाने तंबाखूची मिशरी लावायची. संध्याकाळी तोच ब्रश ती स्वतःच्या तोंडात घालायची.

सोमवारी दिवा लाल झाला. दुपारी केंद्रातल्या गावडे सिस्टर दारात आल्या.

शालनने तोंडाला पदर लावला. "सिस्टर, माझे दोन दात हलतात. मिशरी सुटेना. तुम्ही बोलाल म्हणून सकाळी पोरीला घासायला लावत होते."

"त्याच ब्रशने? आणि तुम्हीही तोच वापरता?"

"संध्याकाळी. पण धुऊन ठेवते की."

"अहो, धुतल्याने जंतू जातात होय? मग आजचा लाल दिवा कुणाचा?"

ऋतुजा आतल्या दारामागून म्हणाली, "माझा. पंधरा दिवस रक्त येतंय. ब्रशला कळलं तर आईला बोलणी बसतील म्हणून मी हलक्या हाताने घासत होते."

सिस्टरांनी तिला जवळ घेऊन आ करायला सांगितलं. तोंड उघडण्याआधी ऋतुजाने आईकडे पाहिलं. शालनला मान वर करता येईना.